परदेशात वित्तसंशोधनाला निघण्यापूर्वी मुंबईत करायची तयारी

अर्थशास्त्र किंवा वित्त या विषयात संशोधन करण्यासाठी परदेशी विद्यापीठात निघालेल्या विद्यार्थ्याच्या घरी शेवटचे सहा महिने जीआरईचे गुण, व्हिसाची तारीख, शैक्षणिक कर्ज आणि बॅगेचे वजन यांच्या चर्चेत जातात. हे सारे करावेच लागते. मात्र तिथे पोचल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षात मार्गदर्शक प्राध्यापक जे विचारतात ते अगदी वेगळे असते: प्रश्न कोणता, त्यासाठी आकडे कुठून आणणार, आणि त्या आकड्यांतून कारण व परिणाम वेगळे कसे काढणार. तिसऱ्या प्रश्नाचे शिक्षण परदेशात उत्तम मिळते. पहिल्या दोहोंची उत्तरे, संशोधन भारताविषयी असेल तर, मुंबईत अधिक लवकर सापडतात. कारण रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही मोठे शेअर बाजार, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन आणि ठेव विमा महामंडळ या सर्वांची मुख्यालये याच शहरात आहेत. म्हणून या लेखात व्हिसाचे आणि सामानाचे तपशील थोडे आहेत, प्रश्न आणि आकडे यांचे जास्त.

पहिली पायरी: कोणती पदवी, आणि अर्ज कधी

अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या पीएचडीला बहुतेक विद्यापीठांत पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. अभ्यासक्रम साधारण पाच ते सहा वर्षांचा असतो, चांगल्या विभागांत शुल्क माफ होते आणि निर्वाहापुरता स्टायपेंड मिळतो. ब्रिटन आणि युरोपात मात्र आधी एक किंवा दोन वर्षांचा मास्टर्स करून मग पीएचडीकडे वळण्याची पद्धत रूढ आहे, आणि तो मास्टर्स बहुतेकदा स्वतःच्या खर्चाने करावा लागतो. वित्त विषयातील पीएचडी सहसा बिझनेस स्कूलमध्ये असते. तिथे जागा कमी असतात, पण पहिल्या वर्षाचे सूक्ष्म अर्थशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकड्यांसाठीचे संख्याशास्त्र) जवळपास तेच असते. ‘मास्टर्स इन फायनान्स’ या नावाचे अनेक अभ्यासक्रम नोकरीसाठी आखलेले असतात. त्यांत प्रबंध नसतो आणि संशोधनाची शिफारस देऊ शकतील असे प्राध्यापक भेटण्याची संधीही कमी असते. संशोधनाचा विचार पक्का असेल तर प्रवेशपत्र स्वीकारण्यापूर्वी अभ्यासक्रमात प्रबंध आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

मुंबईतून बी.ए. किंवा बी.कॉम. केलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जात कच्चा दुवा बहुधा गणिताचा असतो. प्रवेश समितीला रिअल अॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यताशास्त्र हवे असते. वाणिज्य शाखेतील ‘गणित व संख्याशास्त्र’ या पेपरने ती गरज भागत नाही. ही उणीव मास्टर्स करताना किंवा स्वतंत्र प्रमाणित अभ्यासक्रमांतून आधी भरून काढावी लागते, आणि त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तरी ते वर्ष वाया गेले असे मी मानणार नाही. गोरेगाव पूर्वेची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, कलिना संकुलातील मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप किंवा एखाद्या प्राध्यापकाकडील संशोधन साहाय्यकाचे काम यांतून हे वर्ष सत्कारणी लागते. शिवाय तुमचे काम जवळून पाहिलेली माणसे शिफारसपत्रे लिहायला मिळतात, हा त्याचा दुसरा लाभ होय. तीन शिफारसपत्रांपैकी एखादे जरी ‘हा विद्यार्थी वर्गात नियमित येत असे’ एवढेच सांगणारे असले, तर त्याने अर्जाचे वजन घटते.

अमेरिकी पीएचडीच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असते आणि आर्थिक साहाय्यासह मिळालेला प्रवेश स्वीकारण्याची सर्वसाधारण तारीख १५ एप्रिल असते. मुंबई विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट वेळेत हाती यावी यासाठी अर्ज ऑगस्टमध्येच करून टाकावा. गणपतीनंतर पाहू, असे म्हटले की नवरात्र येते आणि मग दिवाळीची सुटी.

अमेरिकेत जाणाऱ्यांनी आणखी एक बारीक गोष्ट तपासावी. प्रवेशानंतर मिळणाऱ्या आय-२० या कागदावर अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक छापलेला असतो. अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम ‘इकॉनोमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्र’ या ४५.०६०३ क्रमांकाखाली नोंदलेला असेल तर तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित) प्रकारात मोडतो आणि पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. साध्या अर्थशास्त्राच्या किंवा साध्या वित्ताच्या क्रमांकाला ती मिळत नाही. दोन विद्यापीठांपैकी एकाची निवड करायची असेल तेव्हा हा फरक मोठा ठरतो.

दुसरी पायरी: प्रश्न घडवणे

‘मला भारतीय बँकिंगवर संशोधन करायचे आहे’ हे वाक्य अर्जासोबतच्या उद्दिष्टपत्रात लिहू नये. तो विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न कसा घडतो हे एका उदाहरणावरून सविस्तर पाहू, कारण इथे दिलेला वेळ पुढची दोन वर्षे वाचवतो.

मुंबई-ठाण्यातील मध्यमवर्गीय घराला नागरी सहकारी बँक परकी नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा १ लाख रुपये होती, आणि ती १९९३ पासून बदललेली नव्हती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. यावरून सहज सुचणारा प्रश्न असा: विम्याची मर्यादा वाढल्यावर सहकारी बँकांतील ठेवी वाढल्या का?

प्रश्न चांगला दिसतो. पण परदेशातील पहिल्याच सेमिनारमध्ये तो टिकणार नाही, आणि का टिकणार नाही हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. मर्यादा वाढल्यानंतर महिन्याभरात, ५ मार्च २०२० रोजी, येस बँकेवर निर्बंध आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आणि जूनच्या अखेरीस अध्यादेश काढून सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवण्यात आले. पाच महिन्यांच्या आत एवढ्या घटना घडल्यावर, ठेवींतील बदल विम्यामुळे झाला असे कोणत्या आधारावर म्हणणार? ‘आधी आणि नंतर’ अशी सरळ तुलना इथे निरुपयोगी आहे.

आता दुसरी वाट शोधावी. ठेव विमा सहकारी बँकांना लागू आहे, पतपेढ्यांना नाही. त्याच गल्लीत, त्याच ग्राहकवर्गासाठी चालणाऱ्या या दोन प्रकारच्या संस्थांवर टाळेबंदीचा परिणाम सारखाच झाला असेल असे दाखवता आले, तर दोहोंतील फरक विम्याबद्दल काही सांगू शकेल. इकॉनोमेट्रिक्समध्ये याला डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतात. मात्र बँक आणि पतपेढी यांचा कल आधीपासून समांतर होता, हे त्यासाठी आकड्यांनिशी दाखवावे लागेल, आणि जून २०२० चा अध्यादेश फक्त बँकांना लागू होता ही अडचण तरीही उरेलच.

तिसरी वाट मला सर्वांत आशादायक वाटते. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईतीलच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे एकाच महानगरात, एकाच प्रकारच्या बँकेवर दोनदा आलेला प्रसंग: २०१९ मध्ये विमा १ लाखाचा, २०२५ मध्ये ५ लाखांचा. आता प्रश्न असा मांडता येतो: निर्बंध आलेल्या बँकेच्या शाखांजवळ असलेल्या इतर, सुदृढ सहकारी बँकांतून ठेवीदारांनी पैसे काढले का, आणि दुसऱ्या वेळी ते प्रमाण कमी होते का? यातही पाचर आहे. २०२१ मध्ये कायदा बदलून, बँकेवर सर्वसमावेशक निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. पूर्वी बँक अवसायनात (कायमची बंद करून हिशेब मिटवण्याच्या प्रक्रियेत) जाईपर्यंत वाट पाहावी लागे. म्हणजे दोन प्रसंगांत विम्याची रक्कमही बदलली आणि वेगही. शिवाय दोनच प्रसंग असल्याने संख्याशास्त्रीय निष्कर्ष जपून काढावे लागतील. तरीही हा प्रश्न पहिल्या प्रश्नापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला आहे, आणि त्यातील उणिवा विद्यार्थ्याला स्वतःला सांगता येतात. प्रवेश समिती नेमके हेच पाहते.

आपला विषय कोणताही असो, ही उजळणी कागदावर करावी: काय बदलले, कोणत्या तारखेला, कोणाला लागू झाले, कोणाला नाही, आणि त्याच सुमारास आणखी काय घडले. शेवटच्या रकान्यात पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर अजून पुरेसे वाचलेले नाही, असे समजावे.

तिसरी पायरी: आकडे, आणि त्यांतील खाचाखोचा

रिझर्व्ह बँकेचे डेटा संकेतस्थळ खुले आणि विनाशुल्क आहे. तिथून दशकांच्या मालिका उतरवून घेता येतात. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कुटुंबनिहाय आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. त्यांपैकी २०१९ ची अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणी वित्ताच्या विद्यार्थ्याने उघडून पाहावीच. त्यातील मालमत्ता व कर्जाची स्थिती ३० जून २०१८ या तारखेची आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. कंपन्यांच्या ताळेबंदांसाठी मुंबईच्याच सीएमआयई या संस्थेचा प्रोवेस हा संग्रह वापरला जातो. तो सशुल्क आहे, आणि आपण निवडलेल्या परदेशी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे त्याची वर्गणी आहे का, हे प्रवेश स्वीकारण्यापूर्वी ईमेलने विचारून घ्यावे. एखाददुसऱ्याच कंपनीची कागदपत्रे हवी असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून ती पाहता येतात.

आकडे मिळवणे आता सोपे झाले आहे. ते वाचणे अवघडच आहे, आणि इथे स्थानिक माहितीचा उपयोग होतो. काही खाचा मुद्दाम सांगतो.

जिल्हानिहाय ठेवी आणि कर्जांच्या तिमाही तक्त्यांत अनुसूचित व्यापारी बँका येतात, नागरी सहकारी बँका येत नाहीत. वरच्या उदाहरणातील विद्यार्थ्याने या तक्त्यांवर विसंबून सहा महिने काढले, तर त्याच्या हाती भलत्याच बँकांचे उत्तर लागेल.

मुंबईचा कर्जाचा आकडा पाहून दिपून जाऊ नये. नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील शाखेत मंजूर झालेले कर्ज ओडिशातील कारखान्यात वापरले जाते, म्हणूनच रिझर्व्ह बँक काही तक्ते मंजुरीच्या ठिकाणानुसार आणि काही वापराच्या ठिकाणानुसार वेगळे देते. कोणता तक्ता घेतला, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

ठाणे जिल्ह्याची मालिका १ ऑगस्ट २०१४ रोजी तुटते, कारण त्या दिवशी पालघर वेगळा जिल्हा झाला. जिल्हा हे एकक धरणाऱ्या परदेशी संशोधकाला ठाण्याच्या ठेवी अचानक घटल्यासारख्या दिसतील आणि तो त्यामागे एखादे आर्थिक कारण शोधत बसेल. १९९० मध्ये मुंबईतून उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला, तेव्हाचेही तसेच.

राष्ट्रीय उत्पन्नाचे आधारवर्ष जानेवारी २०१५ मध्ये २००४-०५ वरून २०११-१२ वर नेले, तेव्हा केवळ वर्ष बदलले नाही. कंपनी क्षेत्राची मोजणी करण्याची पद्धतही बदलली. जुनी आणि नवी मालिका एका गुणकाने जोडून टाकणे हा सोपा उपाय आहे आणि परीक्षक त्यावरच बोट ठेवतात. रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे हिशेबी वर्ष पूर्वी जुलै ते जून असे होते. ते एप्रिल-मार्च करताना २०२०-२१ चा ताळेबंद नऊच महिन्यांचा झाला, हेही वार्षिक अहवाल वाचताना ध्यानात असावे. बँकांच्या ३१ मार्चच्या ठेवी तर नेहमीच थोड्या फुगलेल्या असतात. वर्षअखेरीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी मार्च महिन्यात शाखेत काय धावपळ चालते, हे बँकेत नोकरी केलेल्या कोणत्याही काका-मावशींना विचारावे. शक्य तिथे पाक्षिक किंवा तिमाही सरासरी घ्यावी.

आणि लाख-कोटी. परदेशी वाचकासाठी सारे आकडे दशलक्ष आणि अब्जांत बदलावे लागतात. हे रूपांतर हाताने न करता प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी करावे, मूळ फाइलला हात लावू नये.

चौथी पायरी: कागद

संकेतस्थळांवर जे नाही ते कागदावर आहे, आणि परदेशात गेल्यावर ते सहजी मिळत नाही. फोर्टात काही दिवस काढावेत. काळा घोडा येथील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे, टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, आणि शहीद भगतसिंग मार्गाने थोडे चालत गेले की रिझर्व्ह बँक. मुंबई इलाख्याच्या काळातील कापूस, सराफी, पेढ्या किंवा सहकार चळवळ यांवर काम करणाऱ्याला पुराभिलेखागाराशिवाय गत्यंतर नाही. रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे अभिलेखागार मात्र पुण्यात आहे; तिथे जाण्यापूर्वी कोणत्या विषयाच्या आणि कोणत्या वर्षांच्या फायली हव्यात हे लिहून, कॉलेजचे पत्र जोडून परवानगी मागावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. मिळवली. त्यापूर्वी शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले होते, आणि १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून, पैसे साठवून ते पुन्हा लंडनला गेले. पुढे १९२५ मध्ये भारतीय चलनासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. प्रश्न इथला, पद्धतीची शिस्त तिथली आणि उपयोग पुन्हा इथे, हा क्रम शंभर वर्षांपूर्वी या शहरातून गेलेल्या विद्यार्थ्याने घालून दिलेला आहे.

आता एका अशा कागदाविषयी, ज्याची किंमत मुंबईकराला स्वतःला कळत नाही. सहकारी बँकेतून कर्ज काढताना भाग घेऊन सभासद व्हावे लागते, त्यामुळे अनेक घरांत दरवर्षी बँकेचा वार्षिक अहवाल येतो आणि रद्दीत जातो. तो उघडून पाहावा. पहिल्या पानावर सभेची सूचना, मग अध्यक्षांचे मनोगत, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, संचालकांची छायाचित्रे. आणि त्यानंतर ताळेबंद, थकीत कर्जांसाठीची तरतूद, सभासदसंख्या, गुंतवणुकींचा तपशील, आणि काही बँकांच्या अहवालात शाखानिहाय ठेवीसुद्धा. यांतील बहुतेक मजकूर मराठीत असतो. एखाद्या बँकेचे २०१५ ते २०२५ असे अकरा अहवाल सलग मिळाले, तर ठेवीदारांच्या वर्तनाचा जो तक्ता तयार होतो तो परदेशातील कोणत्याही सशुल्क संग्रहात विकत मिळणार नाही. दादर, गिरगाव, विलेपार्ले, डोंबिवली, ठाणे येथील नातेवाइकांकडे आणि निवृत्त बँक कर्मचाऱ्यांकडे चौकशी करावी. बँकेच्या मुख्य कार्यालयातही जुने अहवाल ठेवलेले असतात, आणि सभासदाचे पत्र सोबत असले की मागणे सोपे जाते.

पाचवी पायरी: माहितीचा अधिकार

परदेशी सहाध्यायाला नसलेले आणखी एक साधन भारतीय नागरिकाकडे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार १० रुपये शुल्क भरून रिझर्व्ह बँकेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि तो परदेशात बसूनही करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. बँकांशी विश्वासाचे नाते असल्याचे कारण पुढे करून रिझर्व्ह बँक माहिती नाकारू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला आहे. सहकारी संस्था स्वतः मात्र सर्वसाधारणपणे या कायद्याखाली येत नाहीत, असे त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. म्हणून पतपेढीला अर्ज पाठवण्यात अर्थ नाही. तिची जी माहिती निबंधकांकडे असते ती पुण्यातील सहकार आयुक्तांकडे किंवा संबंधित जिल्हा उपनिबंधकांकडे मागावी.

अर्जात ‘का’ विचारू नये. कायदा अस्तित्वात असलेली माहिती देतो, स्पष्टीकरण देत नाही. ‘अमुक दोन तारखांदरम्यान सर्वसमावेशक निर्बंध घातलेल्या महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांची नावे, आदेशाची तारीख व निर्बंध उठल्याची तारीख द्यावी’ असा अर्ज उत्तर मिळवतो. एका अर्जात एकच विषय ठेवावा.

सहावी पायरी: मुलाखती

ठेवीदार, शाखाधिकारी किंवा दलाल यांच्याशी बोलायचे असेल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी लागते. प्रश्न समजून घेण्यासाठी केलेल्या गप्पा आणि प्रबंधात पुरावा म्हणून वापरायच्या मुलाखती यांत समिती फरक करते. दुसऱ्या प्रकारच्या मुलाखती परवानगीनंतरच सुरू कराव्यात, कारण आधी घेतलेल्या मुलाखती नंतर वापरता येत नाहीत. संमतिपत्र मराठीत स्वतः लिहावे. इंग्रजी मसुद्याचे यांत्रिक भाषांतर वाचून सत्तर वर्षांच्या आजोबांना आपण कोर्टाच्या कागदावर सही करतो आहोत असे वाटते, आणि ते चहा देऊन पाठवणी करतात.

प्रश्न विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘तुमचा बँकेवर विश्वास आहे का?’ याला उत्तर ‘हो, आहे की’ असेच येते. त्याऐवजी ‘काकू, गेल्या वेळी एफडीची मुदत संपली तेव्हा पैसे कुठे ठेवले? पूर्ण रक्कम एकाच बँकेत ठेवली, की नावे बदलून दोन-तीन ठिकाणी?’ असे विचारले की खरी गोष्ट बाहेर येते: ५ लाखांच्या मर्यादेत बसावे म्हणून एक ठेव स्वतःच्या नावे, एक यजमानांच्या नावे, एक मुलीबरोबर संयुक्त. शाखाधिकाऱ्यांना भेटायचे तर मार्च टाळावा आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर जावे.

सातवी पायरी: स्वतःचा पैसा

वित्ताचा विद्यार्थी स्वतःच्या खात्याबाबत हमखास एक गोष्ट विसरतो. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी मानले जाते, असे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून भारतातील बचत खाते एनआरओ (अनिवासींसाठीचे साधे रुपया खाते) प्रकारात बदलून घ्यावे आणि डीमॅट खाते असेल तर ब्रोकरलाही कळवावे. आयकरातील निवासी-अनिवासी ही कसोटी वेगळी असून ती मुक्कामाच्या दिवसांवर ठरते. दोहोंची गल्लत करू नये.

आईवडिलांना उदारीकृत प्रेषण योजनेतून प्रत्येकी, दर आर्थिक वर्षात, अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस (रक्कम पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापला जात नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो मुळीच लागत नाही. त्यावरील दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने पाठवण्याच्या दिवशी बँकेत विचारावे. कापलेली रक्कम पाठवणाऱ्याच्या विवरणपत्रात वळती होते, त्यामुळे खर्च म्हणून ती धरू नये. पण रोख तेवढी अडकते.

शिष्यवृत्त्यांत जे. एन. टाटा एंडोमेंट ही १८९२ पासूनची, मुंबईतूनच चालणारी कर्जशिष्यवृत्ती आहे. फुलब्राइट-नेहरू, चेवनिंग, कॉमनवेल्थ आणि इनलॅक्स यांच्या मुदती प्रवेशाच्या बऱ्याच आधी संपतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचे उत्पन्न आणि जातवैधता दाखले आधीच काढून ठेवावेत, ऐनवेळी तहसील कार्यालयात खेपा घालून ते मिळत नाहीत.

अमेरिकेत स्टायपेंडवर कर लागतो. भारत-अमेरिका करारातील कलम २१ नुसार भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. विवरणपत्राचा नमुना १०४०-एनआर, आणि त्यासोबत ८८४३.

आठवी पायरी: तिथे पोचल्यावर

पहिले वर्ष गणिताचे आणि परीक्षांचे असते. त्यात मुंबईच्या फायली उघडायला वेळ मिळणार नाही, हे गृहीत धरावे. म्हणून निघण्यापूर्वीच प्रत्येक आकड्याचा उगम, उतरवून घेतल्याची तारीख आणि त्यातील खाच अशी टिपणवही तयार असावी. अठरा महिन्यांनी ती उघडल्यावर स्वतःलाच समजेल इतकी ती सुवाच्य हवी.

दुसऱ्या वर्षी सेमिनारमध्ये ‘भारतच का?’ हा प्रश्न नक्की येतो. ‘कारण मी तिथला आहे’ हे उत्तर चालत नाही. ठेव विम्याच्या उदाहरणात उत्तर असे असेल: एकाच शहरात विमा असलेल्या आणि नसलेल्या ठेवसंस्था शेजारी-शेजारी चालतात, आणि मर्यादा एका ज्ञात तारखेला पाचपट झाली, अशी परिस्थिती अन्यत्र विरळाच आढळते. मुंबईची माहिती तिथे सैद्धांतिक प्रश्नाच्या सेवेला लावावी लागते, आणि हे ज्याला जमत नाही त्याचा शोधनिबंध तपशिलाने समृद्ध असूनही ‘प्रादेशिक’ म्हणून बाजूला पडतो. हा निकष अमेरिकेतील आकड्यांवर काम करणाऱ्याला कोणी लावत नाही, हे खरे आहे आणि अन्याय्यही आहे. उत्तर तरीही तयार ठेवावे लागते.

क्षेत्रकामासाठी परत येण्याची वेळ ठरवताना एक पेच पडतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि अहवाल त्याआधी काही दिवस वाटले जातात. अमेरिकेतील सत्र मात्र ऑगस्टच्या अखेरीसच सुरू झालेले असते. म्हणून सभासद असलेल्या एखाद्या नातेवाइकाला निघण्यापूर्वीच नेमून ठेवावे: अहवाल आला की परिशिष्टांसह प्रत्येक पानाचे सपाट छायाचित्र काढावे, फाइलला बँकेचे नाव आणि आर्थिक वर्ष द्यावे, आणि मूळ प्रत, रद्दीवाला कितीही गोड बोलला तरी, त्याला देऊ नये.